टरफलाची खुर्ची

फसली तेराशे बावन्न साली, म्हणजे निजामाच्या अमलात एकोणीसशे बेचाळीसच्या सुमारास, चाकूरच्या पेठेत दोनच खुर्च्या होत्या. एक चावडीत, महसूल तपासायला येणाऱ्या गिरदावरसाहेबांसाठी. साहेब महिन्यातून एकदा यायचे, बाकीचे दिवस तिच्यावर चावडीचं मांजर बसायचं. दुसरी मदरशात, हेडमास्तरांची. तिला तीन पाय होते आणि चौथ्याच्या जागी उर्दूच्या जुन्या पुस्तकांची चळत. उरलेली पेठ ओट्यावर, पोत्यावर, जमिनीवर, नाहीतर दुसऱ्याच्या उरावर बसायची.

तिसरी खुर्ची ईश्वरप्पा हलकुड्यानं केली आणि ती भुईमुगाच्या टरफलांची केली. हसू येत असेल तर आत्ताच हसून घ्या. पेठेनंही दोन-तीन महिने हसून घेतलं होतं, आणि मग एका सोमवारी हीच पेठ त्या खुर्चीमागं डोळे पुसत चालली. तो भाग येईलच. आधी माणूस बघू.

ईश्वरप्पाचं पेठेत किराणा दुकान. वय पंचेचाळीस, उंची बेताची, मिश्या मात्र त्याच्याहून उंच माणसाला शोभतील अशा. काहीही वाया गेलेलं त्याला बघवायचं नाही. गिऱ्हाईक गूळ मागायला आलं की हा तराजू हातात घेऊन विचारायचा, "का हो, तुमच्या रानातल्या तुराट्यांचं काय करता?" गिऱ्हाईक म्हणायचं, "जाळतो." ईश्वरप्पा तराजू खाली ठेवायचा. "जाळता? सगळ्या?" मग तासभर तुराटी या विषयावर बोलणं व्हायचं आणि गिऱ्हाईक गूळ न घेताच घरी जायचं. घरी बायको विचारायची, गूळ कुठाय. तो म्हणायचा, ईश्वरप्पाकडं गेलो होतो. बायको पुढं काही विचारायची नाही.

त्या साली आजूबाजूला भुईमूग मायंदाळ पिकला. घरोघरी बायका शेंगा फोडायला बसल्या आणि टरफलांचे ढीग वेशीबाहेर माणसाच्या उंचीचे झाले. वारा सुटला की टरफलं कुणाच्या डोळ्यात, कुणाच्या वरणात. आणि दुसरीकडं लढाई चालू असल्यानं धड लाकूड मिळेना. दाराची फळी मोडली तर लोक गोणपाट लावून बसत. ईश्वरप्पानं एका हाताला टरफलाचा ढीग बघितला, दुसऱ्या हाताला गोणपाटाची दारं बघितली, आणि त्या दिवसापासून त्याचं दुकानात लक्ष राहिलं नाही. बैलगाड्या भरभरून टरफलं घरी यायला लागली.

घोंगड्या विणणारा ग्यानोबा त्याचा जिवाभावाचा दोस्त. घोंगडीच्या सुताला चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके भाजायचे, सोलायचे, दळायचे आणि शिजवायचे, की असा चिकट लगदा होतो की बोटं धुवायला दोन पाणी लागतात. ईश्वरप्पानं ती युक्ती उचलली. टरफलं उखळात कुटायची, खळीत मळायची, थापायची, वर जात्याची तळी ठेवून दाबायची आणि उन्हात वाळवायची. फळी तयार.

पहिल्या फळीचा पाट केला. मान म्हणून चुलतभाऊ महादेवप्पाला जेवायला बोलावलं. हा महादेवप्पा मिरचीचा व्यापारी, बोलणंही त्याच मालाचं. जेवताना त्याच्या हातून वरणाची वाटी कलंडली. खळ ती, पातळ मिळालं की पुन्हा खळच. महादेवप्पा हात धुवायला उठला तर पाटही उठला. धोतराला चिकटलेला पाट घेऊन तो भर दुपारी पेठेतून घरी गेला, आणि वाटेत भेटेल त्याला सांगत गेला, "बघा, माझ्या भावानं मला आसन दिलंय."

दुसरी वस्तू म्हणजे स्वैपाकघराचं दार. त्यात मजबुतीसाठी ज्वारीचा कडबा घातला होता. दार दिसायला देखणं झालं. दुपारी नवरा-बायको महादेवाच्या देवळात गेले, येईपर्यंत म्हशीनं कडीपर्यंत खाल्लं होतं. कडी तेवढी लोखंडाची, म्हणून राहिली.

तिसऱ्या वेळी डब्यांची झाकणं केली आणि किडा लागू नये म्हणून खळीत विषारी मोरचूद कालवला. ती झाकणं त्याच्या बायकोनं, गौरम्मानं, चिमट्यानं उचलून उकिरड्यावर टाकली. "जिथं मी भाकरी थापते तिथं इख?" एवढंच म्हणाली.

गौरम्मा उदगीरची. बोलणं मोजकं. बाजारात मडकं घेतानासुद्धा कुंभाराशी घासाघीस नाही. बोटाच्या पेरानं दोनदा वाजवायची, आवाज ऐकायची, ठेवायची नाहीतर उचलायची. नवऱ्यालाही तिनं वीस वर्षं तसंच वाजवून वापरलं होतं. पण त्या वर्षी तिच्या गुडघ्यांनी दगा दिला. जमिनीवरून उठताना ती भिंतीला हात लावायची. कुणाला सांगायची नाही. ईश्वरप्पानं मात्र बघितलं होतं. भिंतीवर कमरेच्या उंचीला हाताचा तेलकट ठसा पडला होता आणि तो दिवसेंदिवस काळा होत चालला होता. त्या ठशाकडं बघितलं की टरफलाच्या फळीचं पुढं काय करायचं हे त्याला नीट दिसायचं. पण ज्याचा पाट पाहुण्याला चिकटतो आणि दार म्हैस खाते, त्यानं बायकोला खुर्चीचा शब्द कुठल्या तोंडानं द्यावा?

बहमन महिन्यातल्या, म्हणजे ऐन थंडीतल्या, एका सकाळी गौरम्मानं बोचकं बांधलं.

"अहो, एक सांगा. या घरात माणसं राहत्यात का टरफलं?"

"थोडं थांब की. मिसळण जमून राहिलंय."

"म्हशीला जमलं. तुमाला कवा जमतंय?"

"औंदा जमतंय बघ."

"मी भावाकडं चालले उदगीरला. पुढल्या सोमवारी येते. एक वस्तू करा. एकच. माणसाच्या उपयोगाची. भिजली तर विरघळू नये, म्हशीनं खाऊ नये आन् तिच्यात इख असू नये. तशी असली तर वेशीतनं आत येईन. न्हाईतर गाडी तिथनंच माघारी."

"आन् मग दुकान?"

"दुकान तुमचं हाय. टरफलंबी तुमचीच. दोघं मिळून राहा."

गाडी गेली. ईश्वरप्पा ओट्यावर बसला. समोरून महादेवप्पा चालला होता, तो थांबला, टरफलाच्या ढिगाकडं बघून म्हणाला, "वैनी गेल्या जणू. आता नव्या मालकिणीला तरी नीट सांभाळ."

तो आठवडा ईश्वरप्पा शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे रानातल्या गोठ्यावरच, म्हशीसकट होता. पाण्याचं उत्तर त्याला दुकानातच सापडलं: जवसाचं तेल. कढवून लावलं की वाळून असा पापुद्रा धरतं, की वरून पाणी ओघळून जातं. किड्याचं आणि म्हशीचं उत्तर कडुनिंबात: पाला उकळून त्या काढ्यातच खळ शिजवायची. पायांसाठी तुराट्यांच्या जुड्या बांधून खळीत बुडवल्या, टरफलाच्या लगद्यात लिंपल्या आणि दगडाखाली चार दिवस दाबल्या. पाठ उंच केली, हात रुंद केले, बैठक गुडघ्याहून चार बोटं वर ठेवली. उठताना भिंत लागू नये अशी. हा हिशेब त्यानं भिंतीवरच्या ठशावरून सुतळी धरून आणला होता.

मग परीक्षा. बैठकीवर पाण्याची भरलेली घागर दिवसभर ठेवली, वर तांब्याभर ओतलंही. उरलेला तुकडा वारुळावर टाकला. वाळवीनं त्याला वळसा घातला. म्हशीपुढं धरला, तर तिनं हुंगलं, जोरात शिंकली आणि तोंड फिरवलं. ईश्वरप्पाला इतका आनंद झाला की त्यानं म्हशीला वाकून, शरणार्थ म्हणत नमस्कार केला. शेवटी इख आहे का हे बघायला त्यानं खुर्चीचा हात स्वतः चाटला. कडू लागला, पण पोटाला काही झालं नाही. म्हशीला तो कडू लागणार आणि माणसाला पचणार, याहून चांगली खुर्ची कुठली?

सोमवार उजाडला. ईश्वरप्पानं आखाड्याच्या विहिरीवर थंडगार पाण्यानं आंघोळ केली, पांढरं स्वच्छ धोतर नेसला, पटका बांधला, कपाळाला ठळक विभूती लावली. बायको येणार होती. खुर्ची घरी न्यायला ग्यानोबा आणि दोन हमाल आले, आणि मजा बघायला महादेवप्पा. खुर्ची दोन पोती ज्वारीइतकी जड. तिला खालून दोन वेळू बांधले. बायकोसाठी नेसलेलं धोतर मळवायला ईश्वरप्पा तयार नव्हता, म्हणून चौथा खांदा कमी पडत होता.

"महादेवप्पा, लाव की खांदा," ग्यानोबा म्हणाला.

"मी? गेल्या बारीला पाट माझ्या घरी राहायला आला होता. मी हात लावणार न्हाई."

"मग कसं पटंल तुला?" ईश्वरप्पानं विचारलं.

"तू बस हिच्यात. बसून आख्ख्या पेठेतनं घरापर्यंत चल. तू बसलास तर मी मिरचीचं दुकान उघडं टाकून खांदा देतो. मोडली तर तूच पडशील. पर हलायचं न्हाई. पायानं टेकू घेतलास, खाली बघितलंस, की हरलास."

"कबूल."

नवी वस्तू म्हणून ग्यानोबानं खुर्चीला हळदकुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. एक माळ उरली ती ईश्वरप्पाच्याच गळ्यात टाकली. कालच दिलेला तेलाचा शेवटचा हात उन्हानं पाघळू नये म्हणून चार कोपऱ्यांना चार ऊस बांधले आणि वर पांढरं धोतर ताणलं. ईश्वरप्पा बसला. हात गुडघ्यांवर ठेवले आणि डोळे मिटले, कारण त्याला खुर्चीचा आवाज ऐकायचा होता. कुठं कर्र होतंय का, कुठं तड जातेय का. लक्ष देऊन ऐकायला लागला की त्याची उजवी भुवई वर चढायची, तीही चढली.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. लिंगायतांत माणूस गेला की त्याला आडवं नेत नाहीत. आंघोळ घालून, विभूती लावून, माळा घालून, उसाच्या किंवा केळीच्या मखरात ताठ बसवतात आणि खांद्यावरून रुद्रभूमीकडं, म्हणजे स्मशानाकडं नेतात. ज्या पेठेत दोनच खुर्च्या, तिथं माणूस जमिनीपासून उंच, पाठ टेकून, माळा घालून बसलेला दिसायचा तो एवढ्याच एका प्रसंगी. हे त्या पाचही जणांना जन्मापासून माहीत होतं. पण खुर्चीच्या नादात पाचांपैकी एकालाही आठवलं नाही.

पेठेच्या तोंडाला पहिली दिसली ती जगदेवी, शेंगा फोडत बसलेली. ती उठली, पदर तोंडाला लावला.

"आगं बया! ईश्वरप्पा!"

"काल तर तेल न्यायला दुकानावर आलेला दिसला की," शेजारीण म्हणाली.

"दिसला, पर कसा दिसला? मला तवाच वाटलं व्हतं."

तिला तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. पण पेठेत बातमी अशीच चालते. लोकांनी वहाणा काढल्या आणि मागं लागले. अशा वेळी कोण, कधी, कशानं हे विचारणं शोभत नाही. आधी चार पावलं चालायचं, मग कुजबुजून विचारायचं. सगळेच कुजबुजत होते आणि सगळ्यांना उत्तर सगळेच देत होते. कुणी म्हणालं ताप, कुणी म्हणालं बायको गेल्याचा धसका, एक जण म्हणाला टरफल घशात अडकलं. हे शेवटचं सगळ्यांना पटलं.

लोक पुढं होऊन पाय शिवायचे. पाय बहमनच्या थंडीत विहिरीच्या पाण्यानं गारठलेले. "बर्फ हाय," म्हणत माणसं डोळे पुसायची.

आणि खुर्चीत ईश्वरप्पा? त्याला डोळे मिटून ऐकू येत होतं:

"लई सोन्याचा माणूस."

"कवा माप कमी दिलं न्हाई."

"माप देत व्हता कुठं, गप्पाच मारत व्हता. पर गप्पा गोड."

"आपण हसलो त्याला. हसायला नको व्हतं."

ईश्वरप्पाच्या छातीत भरून आलं. म्हणजे कळलं एकदाचं! दोन-तीन महिने हसले, पण खुर्ची बघितल्यावर पटलं. पाया पडतायत, हे जरा जास्तच झालं. पण टरफलाचं सोनं करणाऱ्याला लोक एवढा मान देणारच, असंही त्याला आतून वाटलं. मिटल्या पापणीतून एक टिपूस ओघळला. "बघा बघा, तोंडावर तेज कसं हाय," कुणीतरी म्हणालं. त्यानं मान आणखी ताठ केली. हलायचं नाही, शर्त होती.

खरा घोटाळा खांद्यांनी केला. अशा वेळी प्रत्येकाला खांदा द्यायचा असतो. दहा पावलं झाली की मागचा पुढं सरकतो आणि पुढच्याला बाजूला करतो. देवळापर्यंत ग्यानोबा आणि दोन्ही हमाल गर्दीच्या शेपटाला गेले होते. शब्द दिल्याप्रमाणं खांदा दिलेला महादेवप्पा सगळ्यात शेवटी निसटला आणि मागं ढकलला गेल्यावर त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"आरं थांबा!" तो ओरडला. "जित्ता हाय त्यो! जित्ता हाय!"

दोघांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरलं. "हाव महादेवप्पा, हाव. आपल्यासाठी त्यो जित्ताच हाय."

"आरं तसं न्हाई, खुर्ची हाय ती! टरफलाची!"

"लई जीव व्हता भावाचा," म्हणत कुणीतरी त्याच्या नाकाशी फोडलेला कांदा धरला. महादेवप्पाच्या डोळ्यांतून धारा लागल्या. त्या बघून बायकांना आणखी रडू कोसळलं.

देवळापाशी शिवलिंग स्वामींची सोमवारची भजनी मंडळी बसली होती. मखर येताना दिसलं की भजन उठून पुढं चालायला लागतं, ही त्यांची पिढ्यांची सवय. टाळ वाजले, स्वामींनी शंख फुंकला. देवळापासून डावीकडं वळलं की ईश्वरप्पाचं घर; सरळ गेलं की उदगीरची वेस आणि पलीकडं रुद्रभूमी. मखर सरळ गेलं. डावीकडच्या तेलघाण्याचा वास आला नाही, हे ईश्वरप्पाच्या मिटल्या डोळ्यांनाही कळलं. त्याला वाटलं, वेशीपर्यंत मिरवतायत. झकास. गौरम्मा तिथंच उतरणार.

ती तिथंच उतरली. चाकाला धरून, एक गुडघा आधी, मग दुसरा. भजन थांबलं. चार बायका तिला सावरायला धावल्या. तिनं त्यांना हातानंच बाजूला केलं आणि समोर बघितलं. नवरा माळा घालून मखरात. सगळी पेठ तिच्याकडं बघत होती, आता हंबरडा फोडेल म्हणून. तिचं तोंड क्षणभर खरंच पांढरं पडलं. हात हवेत भिंत शोधायला गेला. वेशीबाहेर भिंत कुठली?

मग तिला ती उजवी भुवई दिसली.

वर चढलेली. वीस वर्षं म्हैस धार देताना, दूध उतू जाताना, गिऱ्हाईक खोटं बोलताना तिनं ती तशीच चढलेली बघितली होती. ती मखराजवळ गेली. खुर्ची खांद्यावर उंच, तेव्हा हात पोचला तो खुर्चीच्या पायापर्यंत. बोटाच्या पेरानं तिनं दोनदा वाजवलं. टक, टक. आवाज भरीव आला.

"भिजली तर?" तिनं विचारलं.

"घागर ठिवली व्हती दिसभर," मखरातून उत्तर आलं. "टिपूस आत गेला न्हाई."

मग जे झालं ते पेठ अजून नीट सांगत नाही, कारण जो तो आपण पळालो नव्हतो असं सांगतो. चारी खांदेकरी एकदम खालून निसटले. खांद्याच्या उंचीवरून खुर्ची ईश्वरप्पासकट धाडकन जमिनीवर आली. टाळ एकीकडं, टाळकरी दुसरीकडं. शिवलिंग स्वामींचा शंख ओढ्यात सापडला, तोही दुसऱ्या दिवशी. पाठीमागं महादेवप्पा मात्र कांदा हातात धरून नाचत होता: "सांगत व्हतो! सांगत व्हतो की न्हाई!"

धुळीत खुर्ची उभी होती. चार पायांवर. एक पाय बोटभर मातीत रुतला होता, बस्स. कर्र नाही, तड नाही. ईश्वरप्पानं डोळे न उघडता नीट ऐकून घेतलं, आणि मग उघडले. समोर गौरम्मा.

"म्हशीनं?"

"हुंगून शिंकली."

"इख?"

"न्हाई. मी सोता चाटलीय."

"कडू हाय का?"

"लई कडू. कडुनिंब हाय त्यो."

तिनं पदर खोचला. "मग उतरा आता."

तो उतरला. गौरम्मा वळली आणि बसली. बैठक गुडघ्याहून चार बोटं वर. खाली जाताना भिंत लागली नाही, आधार लागला नाही. तिनं दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. मग एकदा उठून बघितलं. सरळ उठली. पुन्हा बसली.

"हे मोजलं कुठनं?" तिनं विचारलं.

ईश्वरप्पा पटका नीट करायला लागला. "भिंतीवरनं," म्हणाला.

तिनं मान वळवून वेशीच्या कमानीकडं बघितलं आणि बोचकं मांडीवर घेतलं.

"चला. उदगीरपासनं गाडीत बसून कंबर मोडली माझी. उचला."

झाडामागून, कमानीमागून एकेक जण बाहेर आला. "पर गौरम्मा," शिवलिंग स्वामी चाचरत म्हणाले, "अर्धवट भजन कसं सोडावं? रुद्रभूमी आलीच हाय जवळ..."

"भजन चालू द्या की स्वामी. माझ्या घरापतुर. तिथं तुमाला चहा करते."

आणि तशीच ती वरात माघारी फिरली: पुढं भजन, मधे उसाच्या मखरात बोचकं घेऊन गौरम्मा, मागं डोळे सुजलेली पेठ. पहिला खांदा महादेवप्पाचा होता.

पुढं ईश्वरप्पाच्या खुर्च्या खपल्या का? पहिलं वर्ष एकही नाही. त्या खुर्चीत आपण होऊन बसायला कुणाचं धाडस होईना. मग एक दिवस महादेवप्पा दुपारी गुपचूप आला, इकडंतिकडं बघून म्हणाला, "माझ्या मापाची एक कर. पुढंमागं लागणारच हाय. तवर बसायला बरी." हे कळलं आणि पेठेतल्या प्रत्येक वयस्कर माणसाला आपापली खुर्ची आधीच करून ठेवावीशी वाटली. दोन वर्षांत अशी पाळी आली की गिरदावरसाहेब दौऱ्यावर आले तर साहेब एका खुर्चीवर आणि समोर अख्खी पेठ खुर्च्यांवर, मरणाची तयारी म्हणून आरामात टेकून बसलेली.

पहिली खुर्ची मात्र गौरम्मानं कुणाला दिली नाही. ती दुपारी तिच्यात बसून शेंगा फोडायची. दाणे मांडीवरच्या सुपात. टरफलं खाली टोपलीत, आणि टोपलीशेजारी ईश्वरप्पा, दुकान उघडं टाकून, ती कधी भरते याची वाट बघत.